परक्या जातीचे पिल्लू सांभाळणारे प्राणी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एखादा व्हिडिओ मोबाइलवरून फिरू लागला की चार दिवसांत तेच तेच प्रश्न येऊ लागतात. त्यांतले पुन्हा पुन्हा येणारे इथे एकत्र केले आहेत. सुरुवातीला सोपे, मग अडचणीचे. ज्यांच्या हातात आत्ता खरोखरचे पिल्लू आहे त्यांनी बाकी सगळे सोडून आधी प्रश्न १४ वाचावा.

१. प्राण्याने दुसऱ्या जातीचे पिल्लू ‘दत्तक घेतले’ असे केव्हा म्हणायचे?

पिल्लाच्या पोटात काहीतरी गेले पाहिजे आणि हे काही दिवस तरी चालले पाहिजे. सस्तन प्राणी असेल तर दूध, पक्षी असेल तर चारा. त्याशिवाय ऊब, राखण, सोबत घेऊन हिंडणे. एवढे सगळे असेल तर दत्तक म्हणायला हरकत नाही. दोघे शेजारी झोपतात, खेळतात, पण खाणेपिणे ज्याचे त्याचे, तर ती मैत्री. पिल्लू उचलून नेले, कुरवाळले, पण खायला काही दिले नाही, तर पिल्लाच्या बाजूने पाहता ते अपहरण आहे, मग उचलणाऱ्याच्या मनात कितीही माया असो. आणि लबाडीने गळ्यात मारलेले पिल्लू हा चौथा प्रकार (प्रश्न ९). कुठलीही हकिकत समोर आली की मी आधी एवढेच विचारतो: पिल्लाने खाल्ले काय?

२. रानात असे खरेच घडते का, की सगळे माणसांनी जुळवून आणलेले असते?

घडते, पण क्वचित. आपल्याच जातीच्या दुसऱ्याच्या पिल्लाची देखभाल करणे मात्र पुष्कळ आढळते. १९८२ मध्ये मारियान रीडमन यांनी अशा नोंदी एकत्र केल्या तेव्हा सस्तन प्राण्यांच्या सुमारे १२० आणि पक्ष्यांच्या सुमारे १५० जाती त्यांत निघाल्या. जात ओलांडून घेतलेली पिल्ले त्या मानाने अगदी मोजकी.

मोजक्यांतली सर्वांत भक्कम नोंद फ्रेंच पॉलिनेशियातल्या रांगिरोआ या प्रवाळद्वीपाजवळची आहे. तिथे बॉटलनोज डॉल्फिनच्या एका मादीबरोबर २०१४ पासून मेलन-हेडेड व्हेल या वेगळ्याच जातीचे पिल्लू दिसू लागले. मादीचे स्वतःचे पिल्लू होतेच. आईच्या पोटाखालची जागा पोहायला सर्वांत सोपी, म्हणून पाहुणा त्या सख्ख्या पिल्लाला तिथून वारंवार ढकलून द्यायचा. सख्खे पिल्लू साधारण दीड वर्षाचे असताना दिसेनासे झाले, पाहुणा मात्र जवळजवळ तीन वर्षे, म्हणजे दूध तुटण्याच्या वयापर्यंत, तिच्याजवळ राहिला. तो इतर तरुण डॉल्फिनांसारख्या लाटांवर उड्याही मारू लागला होता. दत्तकाची गोष्ट सांगताना ते ढकलले गेलेले पिल्लू बहुतेक जण गाळतात.

दुसरी नोंद ब्राझीलची. कापुचिन माकडांच्या एका टोळीत मार्मोसेट या चिमुकल्या माकडाचे पिल्लू वर्षभराहून जास्त काळ वाढले. पाठीवर बसवणे, दूध पाजणे, सगळे झाले. खेळताना कापुचिन आपला जोर आवरता घेत, हे पाहणाऱ्यांनी आवर्जून नोंदवले आहे. २००६ मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला.

३. गीरमधल्या सिंहिणीने बिबट्याचे पिल्लू वाढवले, ते खरे आहे का?

खरे आहे. २०१८ च्या डिसेंबरअखेरीस गीरमध्ये एक सिंहीण आपल्या दोन छाव्यांबरोबर बिबट्याचे साधारण दोन महिन्यांचे नर पिल्लू घेऊन फिरताना दिसली. सुमारे दीड महिना ती त्याला पाजत होती, शिकारीवर जेवू देत होती, छाव्यांबरोबर त्याचा दंगा चालू देत होती. धीरज मित्तल, स्तोत्र चक्रवर्ती प्रभृतींनी २०२० मध्ये याविषयी शोधनिबंध लिहिला.

यात नवल अशासाठी की सिंह आणि बिबट्या एकाच भक्ष्यावर जगणारे वैरी. सिंहाला बिबट्याचे पिल्लू सापडले तर ते सहसा वाचत नाही. पण पहिल्या काही महिन्यांत दोघांच्या पिल्लांच्या गरजा आणि वागणे जवळपास सारखेच असते. शिवाय गीरच्या सिंहिणी छावे लहान असताना बाकीच्यांपासून बऱ्याच अलग राहतात, त्यामुळे पाहुण्याला हुंगून संशय घेणारे दुसरे कुणी नव्हते. हे पिल्लू कळपासमोर गेले असते तर काय झाले असते ते कळण्याआधीच ते पाणवठ्याजवळ मेलेले आढळले. शवविच्छेदनात जन्मजात हर्निया निघाला. त्याला कुणी मारलेले नव्हते.

टांझानियातल्या गोरोंगोरो परिसरात २०१७ मध्ये अशीच एक सिंहीण बिबट्याच्या पिल्लाला पाजताना दिसली होती. ते छायाचित्र जगभर गेले, पण तो प्रसंग फार थोडा काळ टिकला. दोन हकिकती एकत्र मिसळून सांगितल्या जातात, म्हणून हा खुलासा.

४. आमची मांजर कुत्र्याचे पिल्लूसुद्धा पाजते. मग मेंढी दुसऱ्या मेंढीचे कोकरूही का घेत नाही?

हा मला आलेल्या प्रश्नांतला सर्वांत चांगला प्रश्न, कारण सगळ्या विषयाची किल्ली यात आहे.

मांजरीची पिल्ले डोळे मिटलेली जन्मतात आणि दोन-तीन आठवडे माळ्यावर किंवा फडताळात पडून असतात. त्या जागेत जे काही कुईंकुईं करते ते आपलेच, असा नियम मांजरीला पुरतो. हजारो वर्षांत त्यात चूक व्हायचे कारणच नव्हते, कारण तिथे दुसऱ्याचे पिल्लू येणार कुठून? म्हणून ती एकेका पिल्लाची ओळख पटवत बसत नाही. तिथे तुम्ही कुत्र्याचे पिल्लू किंवा खारीचे पोर ठेवलेत, तर तेही नियमात बसते.

मेंढीचे उलट. कोकरू जन्मल्यावर तासाभरात उभे राहते आणि कळप चालू लागला की शंभर कोकरांत मिसळते. ओळख पटवली नाही तर दूध भलत्याच्याच पोटात जाणार. म्हणून व्याल्यावर पहिल्या दोनेक तासांत मेंढी कोकराला चाटता चाटता त्याचा वास पक्का करून घेते. जन्म देताना मार्ग ताणला जातो, त्याने मेंदूत ऑक्सिटोसिन सुटते आणि वास कोरण्याची ती खिडकी उघडते. ती मिटली की परक्या कोकराला ढुशी मिळते. मेंढपाळ मग मेलेल्या कोकराचे कातडे पोरक्या कोकराच्या पाठीवर बांधतात, किंवा व्यायच्या वेळचे पाणी त्याच्या अंगाला फासतात. फसवायचे ते नाकाला, आणि तेही वेळेत.

तेव्हा परके पिल्लू घेणारी मादी जास्त मायाळू आणि न घेणारी निष्ठुर, असे नसते. कुणाला ओळख पटवायची गरज पडली आणि कुणाला नाही, एवढाच फरक आहे.

५. व्यालेली नसताना दूध येते ते कसे?

कुत्रीमध्ये हे नेहमीचे आहे. माजावर येऊन गेल्यावर दोनेक महिन्यांनी, गाभण नसतानाही, शरीर गाभणपणाचीच वाट चालते. आचळे भरतात, दूध येते, कुत्री चिंध्या गोळा करते, चप्पल कुशीत घेऊन बसते. याला खोटी गर्भधारणा म्हणतात. अशा वेळी मांजरीचे पोर समोर आले की तिने घेतलेच म्हणून समजा.

दुधाशिवाय नुसती माया तर आणखी सहज जागते. कधीही न व्यालेल्या उंदरिणींसमोर रोज ताजी पिल्ले ठेवली, तर आठवड्याभरात त्या त्यांना तोंडात धरून घरट्यात आणू लागतात, चाटू लागतात. संशोधक जे. रोझेनब्लाट यांनी १९६७ मध्ये हे दाखवले. दूध मात्र त्यांना नसते. व्हिडिओ पाहताना हा फरक लक्षात ठेवावा.

६. नर प्राणी परके पिल्लू सांभाळतात का? पाणघोडा आणि कासवाची गोष्ट आठवते.

ती गोष्ट खरी, पण दत्तकाची नव्हे. २००४ च्या त्सुनामीच्या सुमारास केनियातल्या मालिंदीजवळ पाणघोड्याचे पोरके पिल्लू समुद्रात अडकलेले सापडले. लोकांनी जाळी टाकून ते काढले आणि मोम्बासाजवळच्या हॅलर पार्कमध्ये नेले. सोडल्याबरोबर ते थेट तिथल्या म्झी नावाच्या अल्डाब्रा जातीच्या नर कासवामागे जाऊन दडले. कासवाचे वय सुमारे १३० वर्षे सांगितले जाई. आधी म्झीने फुसफुसून बघितले, दूर सरकून बघितले, मग नाद सोडला. ओवेन हे त्या पिल्लाचे नाव. ते कासवाचे बघून पाला खाऊ लागले, त्याला टेकून झोपू लागले. कासवाने पाजले नाही, भरवले नाही. आई समजून कशाला तरी बिलगण्याची ओढ पाणघोड्याच्या पिल्लाची होती, आणि राखाडी, गोल, मोठे असे तिथे म्झीच होते. पुढे ओवेनला पाणघोड्याचीच जोडीदारीण देण्यात आली.

७. शिकारी प्राणी आपल्याच भक्ष्याच्या पिल्लाला का सांभाळतो? त्याला दया येते का?

केनियातल्या सांबुरू अभयारण्यातल्या कामुन्याक या सिंहिणीबद्दल हा प्रश्न हमखास येतो. २००१ च्या अखेरीपासून तिने ओरिक्स जातीच्या हरणाची एकामागून एक किमान सहा पिल्ले धरून ठेवली. पहिले पिल्लू दोन आठवड्यांच्या आसपास तिच्याबरोबर होते. ती त्याला सोडून शिकारीला जाईना, त्यामुळे स्वतः उपाशी. पिल्लाला दूध नाही, त्यामुळे तेही उपाशी. शेवटी एका नर सिंहाने ते पिल्लू मारून खाल्ले. प्रश्न १ ची कसोटी लावली तर हे दत्तक ठरत नाही. राखण पूर्ण होती, पोषण शून्य.

बोट्स्वानातल्या लेगाडेमा या बिबट मादीने बबून मारल्यावर त्याला चिकटलेले नवजात पिल्लू झाडावर नेऊन रात्रभर जवळ घेतले. सकाळपर्यंत ते गारठून मेले. शिकार करणे आणि पिल्लू सांभाळणे या दोन वेगळ्या कळी आहेत. कुठली दाबली जाईल ते समोरचे पिल्लू पळते की बिलगते, त्यावर पुष्कळदा ठरते. दया आली का, ते सांगणाऱ्याच्या स्वभावावर आहे.

पक्ष्यांत मात्र एक सुखान्त आहे. कॅनडात ब्रिटिश कोलंबियातल्या सिडनी इथे २०१७ मध्ये टकल्या गरुडाच्या घरट्यात लाल शेपटीच्या ससाण्याचे पिल्लू आढळले. बहुधा गरुडाने ते पिल्लांना भरवायलाच आणले असावे. पण मरायच्या ऐवजी ते चोच उघडून ओरडू लागले, आणि ओरडणाऱ्या चोचीत घास घालणे गरुडाच्या हाडात मुरलेले. त्याच घरट्यातून ते उडून गेले.

८. माजलगावच्या वानरांनी सूड म्हणून कुत्र्यांची २५० पिल्ले मारली, हे खरे का?

डिसेंबर २०२१ पासून आजवर हा प्रश्न थांबलेला नाही. बीड जिल्ह्यातल्या माजलगाव तालुक्यात, लवूळ आणि आसपास, वानरे कुत्र्यांची पिल्ले उचलून झाडांवर आणि घरांच्या माळवदांवर नेत होती, त्यांतली पुष्कळ मेली आणि वनखात्याने नागपूरहून माणसे बोलावून दोन वानरे पकडून नेली. इथवर ठीक. यापुढचे, म्हणजे कुत्र्यांनी वानराचे पिल्लू मारले आणि मग वानरांनी वंशच्छेदाची शपथ घेतली वगैरे, माणसांनी घातलेले आहे. परदेशी वाहिन्यांनी तर त्याचे टोळीयुद्धच करून टाकले.

आधी आकडा पाहू. कुत्री एका वेतात पाच-सहा पिल्ले देते. २५० पिल्ले मारायची तर एका टापूत जवळपास ४२ ते ५० कुत्र्या एकाच हंगामात व्यालेल्या हव्यात, आणि त्यांची झाडून सगळी पिल्ले वानरांच्या हाती लागलेली हवीत. गावखेड्यात राहिलेल्या माणसाला याचे उत्तर सांगायला नको.

आता वानरांकडे. आपल्याकडच्या काळतोंड्या वानरांच्या टोळीत नवजात पिल्लू एकीकडून दुसरीकडे फिरते. आई ते देते, माद्या हातोहात घेतात. तरण्या, अजून न व्यालेल्या माद्यांना तर याची फारच हौस. कुत्र्याचे पिल्लू त्यांच्या दृष्टीने लहान, लवदार, कुईंकुईं करणारे आणि न चावणारे. उचलावेसे वाटणारच. वानरांनी अशी पिल्ले छातीशी धरून त्यांच्या अंगातल्या पिसवा वेचल्याचे अनेकांनी पाहिले आहे. सूड घेणारा पिसवा वेचत नाही.

मग पिल्ले मेली कशी? वानराचे पिल्लू जन्मल्याबरोबर आईच्या केसांना मुठी आवळून लोंबकळते. आई उडी मारते तेव्हा ते धरायचे काम पिल्लाचे असते. कुत्र्याच्या पिल्लाच्या पंजाला ती पकडच नाही. वानराने सवयीप्रमाणे हात सोडून झेप घेतली की पिल्लू खाली. जी पडली नाहीत ती उपाशी राहिली, कारण उचलणारीला दूध नसते, आणि असले तरी कुत्र्याच्या पिल्लाला तिचे आचळ सापडणे कठीण. दोन दिवस उन्हात माळवदावर काढल्यावर निकाल ठरलेला. मारण्याचा हेतू नसतानाही मरणे अटळ, असा हा प्रकार आहे.

काही जण म्हणतात, वानर नर पिल्ले मारतात हे तर सिद्ध झालेले आहे. झालेले आहे, पण ते वानरांच्याच पिल्लांबद्दल. टोळीचा जुना नर हटवून नवा आला की तो अंगावरची पिल्ले मारतो, म्हणजे माद्या लवकर माजावर येतात. युकिमारू सुगियामा यांनी धारवाडजवळ १९६० च्या दशकात हे प्रथम नोंदवले. कुत्र्याच्या पिल्लांना तो हिशेब लागू नाही.

गावात असे होत असेल तर कुत्री व्याल्यावर पिल्ले महिना-दीड महिना गोठ्यात किंवा डालग्याखाली ठेवा. वानराच्या हातात पिल्लू दिसले तर दगड मारत मागे लागू नका. ते झेप घेईल आणि पुढचे वर सांगितलेच आहे.

९. कावळा कोकिळेचे पिल्लू वाढवतो, तेही दत्तकच ना?

नाही. तिथे निवड झालेली नसते, फसवणूक झालेली असते. कोकिळेची मादी संधी साधून कावळ्याच्या घरट्यात अंडे घालते. ते कावळ्याच्या अंड्यांआधी उबून फुटते आणि पिल्लू घास मागायला आधी तयार होते. पावशा आणि चातक हेच काम सातभाईंच्या गळ्यात घालतात. युरोपातल्या कुकूचे पिल्लू यजमानाची अंडी पाठीवर तोलून घरट्याबाहेर ढकलते. आपल्या कोकिळेचे पिल्लू सहसा तसे करत नाही, त्यामुळे कधी कधी कावळ्याची पिल्लेही सोबत वाढतात.

ही लबाडी चालते त्याचे कारण प्रश्न ७ मधल्या गरुडाचेच: उघडी चोच दिसली की घास घालायचा. अमेरिकेत एका कार्डिनल पक्ष्याने तळ्याकाठी बसून तोंड उघडून वर येणाऱ्या गोल्डफिशना भरवल्याचे छायाचित्र आहे. त्या माशांनी काही कट रचला नव्हता.

१०. खुडूक कोंबडीखाली बदकाची अंडी ठेवली तर ती सांभाळेल का?

सांभाळेल, फक्त दिवसांचे गणित पाहा. कोंबडीची अंडी २१ दिवसांत फुटतात, बदकाची २८ दिवसांत. दोन्ही एकत्र ठेवली तर कोंबडी स्वतःची पिल्ले निघाली की उठते आणि बदकाची अंडी गार पडतात. एका जातीचीच ठेवा. आठवडाभर जास्त बसायचे असल्याने तिचे दाणापाणी जवळ हवे. पिल्ले पहिल्यांदा डबक्यात शिरतात तेव्हा कोंबडी काठावर थयथयाट करते, तो बघण्यासारखा असतो.

११. दुसऱ्या जातीकडे वाढलेले पिल्लू स्वतःला कोण समजते?

पक्ष्यांच्या बाबतीत हा प्रश्न गमतीचा नाही. कोनराड लोरेन्झ यांनी दाखवले की हंसाची पिल्ले अंड्यातून निघाल्यावर पहिल्या काही तासांत जे हलते-बोलते दिसेल त्याच्यामागे लागतात, मग तो दाढीवाला शास्त्रज्ञ का असेना. त्यांना १९७३ चे नोबेल दोघांबरोबर विभागून मिळाले. पण मागे लागण्यावर भागत नाही. मोठेपणी जोडीदार कुणाला मानायचे, तेही बऱ्याच पक्ष्यांत लहानपणीच ठरते.

अमेरिकेला याची किंमत मोजावी लागली. हूपिंग क्रेन हा क्रौंच नामशेष व्हायला आला होता. १९७५ पासून आयडाहोतल्या ग्रेज लेक इथे त्याची अंडी सँडहिल क्रेन या सामान्य क्रौंचाच्या घरट्यांत ठेवू लागले. पालकांनी पिल्ले उत्तम वाढवली, स्थलांतराची वाटही शिकवली. पण मोठी झाल्यावर ती आपल्या जातीच्या जोडीदाराकडे ढुंकून पाहीनात, त्यांना सँडहिलच हवे होते. एकही जोडी जमली नाही आणि प्रयोग गुंडाळावा लागला.

न्यूझीलंडच्या चॅटम बेटांवरचा काळा रॉबिन मात्र याच मार्गाने वाचला. १९८० मध्ये जगात पाच पक्षी उरले होते आणि अंडी घालून वंश चालवणारी मादी एकच, ओल्ड ब्लू. डॉन मर्टन आणि सहकाऱ्यांनी तिची अंडी टॉमटिट या दुसऱ्या पक्ष्याच्या घरट्यात ठेवायला सुरुवात केली, म्हणजे ती पुन्हा अंडी घाली. टॉमटिटकडे वाढलेले रॉबिन टॉमटिटसारखे वागू लागले, तेव्हा पिल्ले उडण्यापूर्वीच परत रॉबिनच्या घरट्यात नेण्याची पद्धत बसवली. आज त्या जातीचे दोनशेहून जास्त पक्षी आहेत, सगळे त्या एका मादीचे वंशज.

१२. वेगळ्या जातींची मैत्री मुद्दाम घडवता येते का?

येते, लहानपणी. कुत्र्याच्या पिल्लाचे तिसऱ्या ते साधारण बाराव्या आठवड्यापर्यंतचे वय त्यासाठी सर्वांत चांगले. त्या काळात ते मेंढरांत वाढले तर जन्मभर मेंढरांना आपला गोतावळा मानते. राखणीचे कुत्रे असेच तयार करतात. नामिबियात १९९४ पासून शेतकऱ्यांना असे कुत्रे दिले जातात, त्यामुळे चित्ते मारण्याची वेळ कमी येते. अमेरिकेतल्या सॅन दिएगो प्राणिसंग्रहालयात १९८० च्या दशकापासून बुजऱ्या चित्त्याला कुत्र्याची सोबत देतात. कुत्रा बिनधास्त राहिला की चित्ताही निवांत होतो.

१३. गायीजवळ येऊन बसणारा बिबट्या, वाघाची झूल घातलेली डुकराची पिल्ले: हे फोटो खरे आहेत का?

फोटो खरे, मजकूर खोटा. बनवाबनवीचा हा सर्वांत चलाख प्रकार.

गाय आणि बिबट्याची घटना गुजरातमध्ये वडोदरा जिल्ह्यातल्या अंतोली गावची, २००२ ची. एक तरुण बिबट्या रात्री शेतात बांधलेल्या गायीजवळ येई, तिला अंग घासून बसे, गाय त्याला चाटे. हे लोकांनी आणि वनखात्याच्या माणसांनी पाहिले. ‘गायीने त्याला लहानपणी दूध पाजले, म्हणून तो आईला भेटायला येतो’ हा भाग नंतर चिकटवलेला, आणि त्याला आधार नाही.

वाघीण आणि पट्टेदार झुलीतली डुकरे थायलंडमधल्या सी राचा इथल्या वाघांच्या प्राणिसंग्रहालयातली. पिल्ले मेल्याच्या दुःखात असलेल्या कॅलिफोर्नियातल्या वाघिणीवर हा उपचार केला, असे सांगणारा मजकूर निव्वळ कल्पना. तो पर्यटकांना दाखवायचा खेळ होता. झूल कुणी शिवली, हा प्रश्न मनात आला की निम्मे कोडे सुटते.

१४. ऊसतोडीत बिबट्याची पिल्ले सापडली आहेत. आमची कुत्री व्यालेली आहे, तिला लावू का?

नको. हात लावू नका, फोटोसाठी मांडीवर घेऊ नका, तोड तेवढ्यापुरती थांबवा आणि वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर कळवा.

पिल्ले अनाथ नाहीत. आई जवळपास कुठेतरी आहे आणि अंधार पडायची वाट बघते आहे. जुन्नर परिसरात हे दर हंगामात घडते, आणि तिथली रीत ठरलेली आहे. माणिकडोहच्या बिबट निवारा केंद्रातले पशुवैद्य पिल्ले तपासतात, संध्याकाळी त्याच जागी खोक्यात किंवा क्रेटमध्ये ठेवतात, जवळ कॅमेरा लावतात आणि सगळे लांब जातात. आई येते आणि एकेक पिल्लू मानगुटीला धरून घेऊन जाते. पहिल्या रात्री आली नाही तर दुसऱ्या रात्री पुन्हा ठेवतात. कुत्रीला लावलेले पिल्लू कदाचित जगेल, पण शिकार शिकणार नाही आणि उरलेले आयुष्य पिंजऱ्यात काढेल. हीच गोष्ट रानमांजराच्या पिल्लांची.

१५. पाळीव प्राण्यांत करायचे असेल तर? मांजरीची पोरकी पिल्ले कुत्रीला लावता येतील?

येतात. शक्य तर नुकतीच व्यालेली कुत्री बघा, ती बाहेर फिरायला गेलेली असताना पाहुण्यांना तिच्याच अंथरुणावर चोळून मग कुशीत सोडा, आणि पहिले काही दिवस समोर बसून राहा. दात दाखवले की लगेच काढून घ्या. शिकारीची सवय असलेली कुत्री टाळा. पिल्ले आजारी असतील तर आधी पशुवैद्याला दाखवा, नाहीतर कुत्रीची पिल्लेही जातील.

कुणीच मिळाले नाही तर गायीचे दूध पाजतात. त्याने जुलाब होतात. कुत्रीच्या दुधात गायीच्या दुधाच्या दुपटीहून जास्त स्निग्धांश आणि प्रथिने असतात, आणि साखर कमी. मांजर-कुत्र्यांसाठी दुधाची पावडर मिळते, ती आणा. पिल्लू आधी गरम करा, मग पाजा. गार पडलेल्या पिल्लाला दूध पचत नाही.

१६. हेमलकशाला प्राणी माणसांत वाढतात, मग आम्ही वानराचे पिल्लू का पाळू नये?

डॉ. प्रकाश आमटे यांनी तिथे १९७३ मध्ये काम सुरू केले तेव्हा आसपास पोटासाठी शिकार होई. आई मारली गेलेली पिल्ले ते धान्याच्या बदल्यात मागून घेत. तसे केले नसते तर ती शिजली असती. तुमच्या गच्चीवर आलेल्या पिल्लाची स्थिती ती नाही. आणि वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ खाली परवानगीशिवाय ठेवणे हा गुन्हा. अमेठीत जखमी सारसाला बरे करणाऱ्या तरुणालाही २०२३ मध्ये नोटीस गेली आणि पक्षी प्राणिसंग्रहालयात गेला. तो निर्णय मला कठोर वाटला, पण कायदा तसा आहे.

१७. लांडग्यांनी माणसांची मुले वाढवल्याचे पुरावे आहेत का?

पटण्यासारखे नाहीत. सर्वांत गाजलेल्या अमला आणि कमला या मुली १९२० मध्ये मिदनापूर भागात लांडग्यांच्या गुहेतून काढल्या असे सांगितले गेले. पण त्याचा आधार म्हणजे अनाथालय चालवणाऱ्या पाद्र्याची स्वतःची रोजनिशी, आणि तिच्याबद्दल अभ्यासकांनी गंभीर शंका घेतल्या आहेत. लांडगी साधारण दोन महिने पाजते. माणसाचे मूल तेवढ्यात मानही नीट सावरत नाही. मोगलीला हे बंधन नव्हते.

१८. आई जिवंत असताना पिल्लू पळवून आणले, तरी त्याला दत्तक म्हणायचे का?

इथे प्रश्न १ ची व्याख्या अपुरी पडते. २०२१ मध्ये आइसलँडच्या पश्चिम किनाऱ्यावर सेदीस नाव दिलेली ऑर्काची (किलर व्हेलची) मादी पायलट व्हेलच्या नवजात पिल्लाबरोबर दिसली. पिल्लू तिच्या बाजूला, आईजवळ पोहावे तसे. ते हडकलेले होते आणि दूध पिताना दिसले नाही. पुढच्या वर्षी सेदीस पुन्हा दिसली तेव्हा पिल्लू नव्हते, पण ती पायलट व्हेलच्या कळपाजवळ घुटमळत होती. दुसरे पिल्लू मिळवायचा तो प्रयत्न असावा, अशी शक्यता संशोधकांनी मांडली.

अंटार्क्टिकात एम्परर पेंग्विन असेच वागतात, फक्त आपल्या जातीत. पिल्लू मेले तरी त्यांच्या रक्तातले प्रोलॅक्टिन हे संप्रेरक चढेच राहते, आणि ते शेजाऱ्याचे पिल्लू ओढून नेतात. बहुतेक वेळा थोड्या काळात कंटाळून टाकूनही देतात. संशोधकांनी औषधाने प्रोलॅक्टिन उतरवले तेव्हा पळवापळवी कमी झाली. सेदीसच्या रक्तात काय होते ते कुणी तपासलेले नाही. तेव्हा तिच्यापुरते मी ‘सोबत दिसली’ एवढेच लिहितो.